पूर्ण प्रतिकाराची कसोटी : ब्राझिलियन जिउ-जित्सू आणि आधुनिक मिश्र युद्धकला

मुष्टियुद्ध, लाथांचे प्रकार, कुस्ती आणि जमिनीवरची झटापट या सर्वांना एकाच लढतीत मुभा देणारा, एमएमए या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा मिश्र युद्धकलेचा खेळ आज जगभर ज्या रूपात खेळला जातो, त्या रूपावर ब्राझिलियन जिउ-जित्सूचा प्रभाव आहे हे सहसा कोणी नाकारत नाही. वाद आहे तो या प्रभावाच्या स्वरूपाविषयी. एक मत असे की १९९३ आणि १९९४ साली, ही कला ब्राझीलमध्ये घडवणाऱ्या ग्रेसी कुटुंबाने अमेरिकेत मिळवलेले विजय हे प्रतिस्पर्ध्यांच्या अज्ञानाचे फळ होते, ते अज्ञान दूर होताच या कलेचे वर्चस्व संपले आणि आज ती अनेक घटकांपैकी एक एवढीच उरली आहे. दुसरे मत त्या कुटुंबाने स्वतः सांगितलेल्या इतिहासातून आलेले असून, दुबळ्याने बलवानाला नमवण्याचे अंतिम उत्तर या कलेला सापडले होते, परंतु पुढील नियमबदलांनी ते निष्प्रभ केले, असा त्याचा सूर आहे. ही दोन्ही मते डावांच्या जय-पराजयापाशीच थांबतात. जिउ-जित्सूने या खेळाला डाव पुष्कळ दिले हे खरे. तथापि त्यांहून खोलवर रुजली ती, कोणताही डाव पूर्ण ताकदीनिशी विरोध करणाऱ्या माणसावर रोजच्या रोज तपासून पाहण्याची रीत, आणि या रीतीने पुढे खुद्द ग्रेसी कुटुंबाच्या दाव्यांचीही गय केली नाही.

या रीतीचे मूळ ब्राझीलमध्ये नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्यो येथे कोदोकान ही संस्था स्थापून जुन्या जुजुत्सूच्या अनेक परंपरांतून ज्युडोची घडण केली, तेव्हा त्यांनी घेतलेला सर्वांत महत्त्वाचा निर्णय काय ठेवायचे यापेक्षा काय वगळायचे याविषयी होता. ज्या क्रिया सरावात पूर्ण जोराने केल्यास साथीदार जायबंदी झाला असता, त्या त्यांनी ठरावीक क्रमाने करावयाच्या प्रात्यक्षिकांपुरत्या मर्यादित केल्या, आणि उरलेल्या क्रियांचा मुक्त सराव, ज्याला जपानीत रांदोरी म्हणतात, शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला. प्राणघातक म्हणवणारा पण कधीच खऱ्या विरोधापुढे न वापरलेला डाव, आणि तुलनेने सौम्य असूनही हजार वेळा विरोध मोडून यशस्वी केलेला डाव, यांत दुसरा अधिक भरवशाचा ठरतो, हा या निर्णयामागचा विचार होता. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या यशाचे बीज येथे आहे, आणि त्याचे श्रेय कानो यांना पुरेशा स्पष्टपणे दिले जात नाही ही खेदाची गोष्ट आहे.

कोदोकानचे मित्सुयो माएदा यांनी अमेरिका आणि युरोपात मल्लांशी व मुष्टियोद्ध्यांशी अनेक लढती केल्या, १९०८ साली लंडनमध्ये कॅच कुस्ती या पाश्चात्त्य कुस्तीप्रकाराच्या स्पर्धेत भाग घेतला आणि १९१४ साली ब्राझीलला पोहोचून पुढे ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलें या शहरात ते स्थायिक झाले. तेथील गास्ताँव ग्रेसी या गृहस्थांचा मुलगा कार्लोस माएदांच्या वर्तुळात ही विद्या शिकला. त्याचे शिक्षण किती काळ आणि किती थेट झाले याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. कार्लोस व त्याचा धाकटा भाऊ एलिओ यांनी रिओ द जानेरो येथे या विद्येला जे वळण दिले ते समजण्यासाठी जपानमध्ये त्याच काळात काय घडत होते हे पाहिले पाहिजे. तेथे ज्युडो हा शिक्षणाचा आणि स्पर्धेचा विषय होत असताना स्वच्छ फेकीला अधिकाधिक मान मिळत गेला आणि जमिनीवरच्या झटापटीला मिळणारा वेळ आक्रसत गेला, तर ब्राझीलमध्ये या नियमांचा धाक नव्हता आणि त्याउलट वाले तूदो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जवळजवळ सर्व काही चालणाऱ्या आव्हान-लढतींची परंपरा जोम धरत होती. अशा लढतीत फेकल्यानंतर लढत संपत नाही. फेकणारा आणि फेकला गेलेला दोघेही जमिनीवर येतात आणि खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. एकाच विद्येच्या दोन शाखा अशा प्रकारे वेगळ्या झाल्या, त्यात प्रतिभेइतकाच परिस्थितीचा वाटा होता.

जमिनीवरच्या या प्रश्नाला मिळालेले उत्तर मराठी वाचकाला कुस्तीच्या संदर्भात चांगले उमगेल. कुस्तीत पाठ मातीला लागली की मल्ल चीतपट होतो आणि निकाल लागतो. म्हणून मल्लाचे सारे शिक्षण पाठ वाचवण्याचे असते आणि पाठीवर पडल्यावर काय करावे याचा विचार करण्याचे त्याला कारणच उरत नाही. जिउ-जित्सूने नेमक्या याच मोकळ्या जागेत आपली विद्या उभी केली. पाठीवर पडलेला माणूस आपले दोन्ही पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती किंवा त्याच्या आणि स्वतःच्या मध्ये ठेवू शकला, तर वरच्या माणसाचे अंतर त्याच्या ताब्यात राहते, ठोशांची धार कमी करता येते आणि वरच्याचा हात किंवा मान पायांच्या पकडीत सापडवता येते. या स्थितीला गार्ड असे नाव आहे. गार्ड ओलांडून वरचा माणूस खालच्याच्या छातीवर स्वार झाला तर ती माउंट, आणि पाठीमागून पायांचे आकडे अडकवून त्याने ताबा घेतला तर ती सर्वांत घातक स्थिती, कारण मागच्याला मारता येते आणि पुढच्याला त्याचे हात दिसतही नाहीत. स्थितींची ही चढती श्रेणी लक्षात घेऊन आधी स्थान मिळवायचे आणि मगच शेवटचा डाव टाकायचा, हा या विद्येचा मूलभूत दंडक झाला, आणि जमिनीवरची जी झटापट बघणाऱ्याला नुसता गोंधळ वाटत असे तिच्यात क्रम आणि कारणपरंपरा आली.

शेवटच्या डावांचे मुख्य प्रकार दोन. एकात सांधा त्याच्या स्वाभाविक मर्यादेपलीकडे ताणला जातो, जसे आर्मबारमध्ये प्रतिस्पर्ध्याचा हात दोन्ही मांड्यांत धरून आणि स्वतःच्या कमरेचा टेकू करून कोपर उलटे वाकवले जाते. दुसऱ्यात मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबून मेंदूचा रक्तपुरवठा तोडला जातो आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. पकडीत सापडलेल्याने हाताने थाप मारली, म्हणजे टॅप केले, की पकड तत्काळ सोडली जाते. या थापेकडे शिष्टाचार म्हणून पाहिले जाते, वस्तुतः ती या विद्येच्या ज्ञानमार्गाची पूर्वअट आहे. मुष्टियुद्धात दोन माणसांनी रोज पूर्ण ताकदीने एकमेकांच्या डोक्यावर प्रहार करून सराव केला तर काही महिन्यांत दोघांचेही आरोग्य ढासळेल, कारण तेथे यश आणि इजा एकाच क्षणी घडतात. म्हणून ठोशाचा सराव कायम हातचे राखून करावा लागतो आणि खऱ्या जोराचा प्रत्यय लढतीतच येतो. कोपर किंवा मान यांच्या पकडीत मात्र यशाची खात्री आणि प्रत्यक्ष इजा यांच्यामध्ये एक छोटीशी फट असते, वेदना किंवा गुदमर आधी जाणवतो आणि हानी नंतर होते, आणि त्या फटीत थाप बसते. यामुळेच दोन माणसे एका तासात अनेकदा एकमेकांना मनापासून हरवू शकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येऊ शकतात. कोणता डाव चालतो आणि कोणता केवळ गुरूच्या प्रतिष्ठेवर तगून आहे, याचा निवाडा अशा शाळेत लपून राहत नाही.

अमेरिकेतील प्रेक्षकांना याचा प्रत्यय १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे आला. एलिओ यांचा थोरला मुलगा रोरियन याने आर्ट डेव्ही यांच्यासह उभ्या केलेल्या अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे यूएफसी या पहिल्याच स्पर्धेत त्याचा सडपातळ भाऊ रॉयस एका रात्रीत तीन लढती जिंकला, आणि त्या तिन्ही मिळून सुमारे पाच मिनिटेच चालल्या. ही स्पर्धा तटस्थ प्रयोग नव्हती. आयोजकांत ग्रेसी होते, वजनाचे गट नव्हते, वेळ संपून लढत पंचांच्या कौलावर जाण्याची भीती नव्हती, आणि समोरच्यांपैकी बहुतेकांना जमिनीवर काय करायचे याची कल्पना नव्हती. या सर्व गोष्टी संयमाने वाट पाहणाऱ्या लढवय्याच्या पथ्यावर पडल्या हे मान्यच केले पाहिजे. तरीही त्या रात्रीच्या पुराव्याला अज्ञानाचा फायदा म्हणून मोडीत काढता येत नाही, कारण ते अज्ञानच मुळात सिद्ध करायचे होते. अनेक दशके आपापल्या दालनांत स्वतःला परिपूर्ण समजणाऱ्या कलांना लढतीच्या एका संपूर्ण प्रदेशाची ओळखच नव्हती. आर्ट जिमरसन हा व्यावसायिक मुष्टियोद्धा रॉयसच्या माउंटखाली सापडल्यावर कोणतीही पकड बसण्याआधीच शरण आला, ही त्या रात्रीची सर्वांत बोलकी घटना होय. त्याला हरवले ते एका स्थितीने, आणि त्या स्थितीतून बाहेर पडण्याचा मार्ग त्याच्या साऱ्या विद्येत कोठेही नव्हता.

पुढील वर्षीच या विजयपरंपरेच्या मर्यादाही दिसू लागल्या होत्या. १६ डिसेंबर १९९४ रोजी तल्सा येथे वजनाने तीस किलोंहून अधिक भारी असलेला कुस्तीगीर डॅन सेव्हर्न रॉयसला सुमारे पंधरा मिनिटे खाली दाबून होता, आणि अखेरीस रॉयसने पायांच्या त्रिकोणात त्याची मान व एक हात पकडून, म्हणजे ट्रँगल चोक लावून, त्याला शरण आणले. विजय देखणा होता. मात्र प्रक्षेपणाची ठरलेली वेळ उलटून गेल्याने अनेक प्रेक्षकांच्या पडद्यावर तो दिसलाच नाही, आणि पुढच्या स्पर्धेपासून लढतींना कालमर्यादा आली. एप्रिल १९९५ मध्ये रॉयस आणि केन शॅमरॉक यांची दीर्घ लढत अनिर्णित सुटली. त्यानंतरच्या वर्षांत हातमोजे, वजनगट, पाच मिनिटांच्या फेऱ्या, पंचांचे गुणदान आणि जमिनीवर हालचाल थांबल्यास दोघांना उभे करण्याचा पंचाचा अधिकार आला, आणि न्यू जर्सी राज्याच्या पुढाकाराने २००० सालाच्या आसपास घडलेली एकत्रित नियमावली पुढे बहुतेक ठिकाणी स्वीकारली गेली. या नियमांनी जिउ-जित्सूचा घात केला ही तक्रार अर्धीच खरी आहे. वेळ अमर्याद असणे हाही एक नियमच होता आणि तो एका विशिष्ट शैलीला अनुकूल होता. कोणतीही कला परिस्थितीविना परिणामकारक असू शकत नाही, आणि ग्रेसींनी आपल्या परिस्थितीला वास्तव व इतरांच्या परिस्थितीला कृत्रिम म्हणावे यास आधार नाही.

कुस्तीगिरांचे आव्हान मात्र नियमांपेक्षा गंभीर होते. मार्क कोलमनसारखे अमेरिकी मल्ल प्रतिस्पर्ध्याला पाडून त्याच्या गार्डमध्येच ठाण मांडून ठोसे मारू लागले, आणि ग्राउंड अँड पाउंड नावाने प्रसिद्ध झालेल्या या शैलीने गार्ड ही आरामाची जागा उरली नाही. येथे जुलै १९९७ मधील एका लढतीकडे जेवढे लक्ष जायला हवे तेवढे जात नाही. किकबॉक्सर मॉरिस स्मिथ याने हेवीवेट विजेत्या कोलमनला पंचांच्या कौलावर हरवले, आणि ते कसे, तर खाली सापडल्यावर गार्ड राखून, कोलमनचे हात अडकवून, त्याला दमवून आणि मग उभे राहून. आपले आयुष्य लाथांच्या खेळात घालवलेल्या माणसाने चार वर्षांपूर्वी डेन्व्हरमध्ये दिसलेली विद्या बचावापुरती आत्मसात केली होती आणि तिच्या जोरावर तो आपल्या मूळ कौशल्याकडे परत येऊ शकला. जिउ-जित्सूच्या ऱ्हासाचा काळ म्हणून ज्याचे वर्णन होते तो तिच्या प्रसाराचा काळ होता. फक्त ती आता विजेत्याच्या नावापुढे न दिसता त्याच्या न हरण्यात दिसू लागली होती.

जपानमधील प्राइड या स्पर्धेत काझुशी साकुराबा याने ग्रेसी कुटुंबावर मिळवलेल्या विजयांचा अर्थही या दृष्टीने लावला पाहिजे. कॅच कुस्तीच्या परंपरेत वाढलेल्या या लढवय्याने नोव्हेंबर १९९९ मध्ये रॉयलरला, १ मे २००० रोजी तोक्यो डोममध्ये नव्वद मिनिटांच्या लढतीनंतर रॉयसला आणि त्याच वर्षी रेंझो व रायन यांनाही हरवले. रॉयलर आणि रेंझो यांच्यावर त्याने वापरलेली खांदा पिळणारी पकड किमुरा या नावाने ओळखली जाते, आणि ते नाव तिला ग्रेसींनीच दिले होते, कारण २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानात जपानी ज्युडोपटू मासाहिको किमुरा यांनी याच पकडीने एलिओंचा हात मोडला होता. ज्या डावाने आपण हरलो त्याला विजेत्याचे नाव देऊन तो आपल्या अभ्यासक्रमात घेणारी परंपरा, आणि घराण्याच्या अजिंक्यत्वाची कथा सांगणारी परंपरा, या दोन्ही एकाच कुटुंबात नांदत होत्या. मिश्र युद्धकलेने पहिली उचलली आणि दुसरी मागे टाकली. साकुराबाचे विजय हे त्या निवडीचे पहिले ठळक चिन्ह आहे.

घराण्याच्या अभिमानाने ज्ञान कसे अडते याचे उदाहरण ब्राझीलमध्येच घडले होते. रिओच्या गरीब उपनगरांत शिकवणारे ओस्वाल्दो फादा हे माएदांच्याच शिष्यशाखेतून, परंतु ग्रेसींच्या बाहेरून आलेले शिक्षक होते, आणि १९५० च्या दशकात त्यांच्या विद्यार्थ्यांनी ग्रेसींच्या विद्यार्थ्यांना पायांच्या पकडींच्या बळावर हरवले. तरीही पाय पिळणारे डाव दीर्घकाळ उपनगरी आणि हलके मानले गेले. या उपेक्षेत वर्गीय तुच्छतेचा भाग होताच, पण एक शारीरिक कारणही होते आणि ते वर सांगितलेल्या फटीशी निगडित आहे. टाच धरून गुडघा पिळणाऱ्या हील हूक या डावात अस्थिबंध पुष्कळदा वेदना पुरेशी जाणवण्याआधीच तुटतात, म्हणजे थापेला जागाच उरत नाही, आणि म्हणून पूर्ण प्रतिकाराचा सराव धोकादायक होतो. न्यूयॉर्कमधील रेंझो ग्रेसीच्या शाळेत जॉन डॅनाहर यांनी या क्षेत्रात जे काम केले त्याचे मर्म हेच की त्यांनी पकडीआधी पाय अडकवण्याच्या स्थितींची स्वतंत्र श्रेणी मांडली, ज्यामुळे प्रतिस्पर्धी निसटू शकत नाही हे दोघांनाही पुरेसे आधी कळू लागले आणि झटका न देता डाव पूर्ण करणे शक्य झाले. पूर्वी बिनभरवशाचा म्हणून टाकलेला एक अख्खा विभाग अशा रीतीने तपासता येण्याजोगा झाला.

आज यूएफसीत शरणागतीने संपणाऱ्या लढतींपेक्षा ठोशांनी किंवा पंचांच्या कौलाने संपणाऱ्या लढती ठळकपणे अधिक दिसतात, आणि त्यावरून जिउ-जित्सू कालबाह्य झाल्याचा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष लस टोचल्यावर रोग दिसेनासा झाला म्हणून लस निरुपयोगी ठरवण्यासारखा आहे. अकुशल माणसावर गळ्याची पकड सहज बसते आणि कुशलावर बसत नाही. सर्वच कुशल झाले की पकडींची संख्या घटते, मात्र ती घटवणारे कौशल्य प्रत्येकाला शिकावेच लागते. जेथे ते अपुरे पडते तेथे शिक्षा अजूनही तत्काळ मिळते. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय म्हणून नोंद असलेला मुंबईचा भरत खंडारे कुस्तीच्या पार्श्वभूमीतून आला होता, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथील पदार्पणातच साँग यादाँग याने त्याला पहिल्या फेरीत गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून मान काखेत धरून आवळण्याच्या पकडीत, हरवले. पट काढण्यासाठी डोके खाली घालून झेपावणाऱ्या कुस्तीगिराची मान ज्या ठिकाणी उघडी पडते त्याच ठिकाणी ही पकड वाट पाहत असते, आणि महाराष्ट्रातील तालमींतून या खेळाकडे वळू पाहणाऱ्या मुलांना सर्वांत आधी शिकवायला हवी ती हीच गोष्ट होय. दुसऱ्या टोकाला दागिस्तानच्या खबीब नुर्मागोमेदोवचे उदाहरण आहे. त्याची घडण साम्बो, कुस्ती आणि ज्युडो यांत झाली, ब्राझिलियन परंपरेशी त्याचे नाव कोणी जोडत नाही, तरीही ऑक्टोबर २०२० मधील आपली अखेरची लढत त्याने जस्टिन गेथजीवर ट्रँगल चोक लावून संपवली. कोणती पकड कोणत्या परंपरेची, हा प्रश्न या खेळात आता अर्थहीन झाला आहे, आणि तो तसा व्हावा हीच त्या मूळ रीतीची तार्किक परिणती आहे.

खुद्द जिउ-जित्सूच्या स्वतंत्र स्पर्धांत मात्र वेगळी वाट दिसते. १९९६ पासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धेच्या गुणपद्धतीत पाडण्याला दोन, गार्ड ओलांडण्याला तीन आणि माउंट किंवा पाठीचा ताबा मिळवण्याला चार गुण आहेत. ज्या स्थितीतून अधिक जोरात मारता येते तिला अधिक गुण, हा वाले तूदोचा हिशेब त्यात अजून वाचता येतो. परंतु प्रहारच वगळल्यामुळे खेळाडू स्वतःहून खाली बसून गार्ड घेऊ लागले, अंगरख्याच्या कापडाला धरून गुंतागुंतीच्या उलट्या हालचाली करू लागले, आणि यांतील बऱ्याच गोष्टी ठोसे पडू लागताच टिकत नाहीत. ज्युडोच्या स्पर्धांनी जमिनीकडे पाठ फिरवली तेव्हा जे झाले तेच येथे दुसऱ्या दिशेने होत आहे, आणि या विद्येवर प्रेम करणाऱ्यांनी त्याची चिंता करायला हवी. खेळ म्हणून या कौशल्याचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. पण प्रहारांपासून सुरक्षित अशा दालनात वाढलेल्या कौशल्याने लढतीविषयी अधिकाराने बोलावे, ही तर १९९३ साली उघडी पडलेली चूकच पुन्हा करणे होईल.

ज्यांनी जमिनीवरचे कौशल्य आणि प्रहार या दोन्ही बाजू जुळवल्या त्यांच्यात साओ पाउलो राज्यातून आलेल्या चार्ल्स ऑलिव्हेराचा उल्लेख सर्वांत आधी करावा लागतो. यूएफसीच्या इतिहासात प्रतिस्पर्ध्यांना सर्वाधिक वेळा शरण आणणाऱ्या या खेळाडूच्या उभ्या खेळावर त्याच्या जमिनीवरच्या विद्येची छाया आहे. बहुतेक ठोसेबाजांना पाडले जाण्याच्या भीतीने लाथा आवरत्या घ्याव्या लागतात, दोन पावले मागे उभे राहावे लागते. ऑलिव्हेराला पाठीवर पडण्याचे भय नसल्याने तो पुढे चालत जातो, गुडघे आणि लाथा मोकळेपणाने वापरतो, आणि त्या बदल्यात ठोसेही खातो. मे २०२२ मध्ये फिनिक्स येथे गेथजीने त्याला पहिल्याच फेरीत ठोशाने खाली पाडले. इतर कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हा धावून जाऊन लढत संपवण्याचा क्षण ठरला असता, पण दीड वर्षापूर्वी खबीबच्या पायांत शुद्ध हरपलेला गेथजी त्याच्या गार्डमध्ये उतरला नाही. मागे सरून त्याने ऑलिव्हेराला उठू दिले. ऑलिव्हेरा सावरून उठला, त्याने गेथजीला ठोशाने पाडले, त्याची पाठ घेतली आणि त्याच फेरीत गळ्याची पकड लावून त्याला थाप मारायला लावली.